मांडवीच्या मुखातील वाळू



ओहोटीला पाणी ओसरले की मिरामारच्या पुळणीवर वाळूच्या बारीक वळ्या उमटलेल्या दिसतात. मांडवीच्या मुखाशी पाण्याखाली वाळू कशी सरकते हे जाणून घ्यावयाचे तर आरंभ ह्या वळ्यांपासूनच करावा लागतो.

सपाट तळावर लहानसा उंचवटा झाला की लाटेच्या हेलकाव्याने त्याच्या आडोशाला भोवरा उठतो, तो तेथील वाळू उकरतो आणि उंचवटा वाढत जातो. हर्था एअरटन ह्या ब्रिटिश विदुषीने टाकीत पाणी हेलकावून हे सिद्ध केले. १९०४ साली रॉयल सोसायटीपुढे स्वतःचा निबंध वाचणारी ती पहिली स्त्री होय. प्रवाहात मात्र कण मंद उतारावरून वर चढतात व पलीकडच्या उभ्या उतारावर घसरतात, म्हणून सबंध वळीच पुढे सरकते. किनाऱ्यावर बोटभर उंच असणारे हे आकार भरती-ओहोटीच्या खोल पात्रांत पुरुषभर उंचीचेही होतात.

शास्त्रज्ञ गणकयंत्रावर ह्याचे प्रतिरूप मांडतात, ते वाण्याच्या जमाखर्चासारखेच असते. तळाचे चौकोन पाडावयाचे आणि प्रत्येकात वाळू किती आली, किती गेली, ते लिहावयाचे. शिल्लक वाढली तर तळ वर येतो, घटली तर खचतो. अडचण एवढीच की तळ बदलला की पाण्याची चालही बदलते, आणि सारा हिशेब पुन्हा करावा लागतो. शिवाय ओहोटीने घडविलेले मोठे ढिगारे मोडण्यापूर्वीच भरती येऊन ठेपते!

हा हिशेब केवळ विद्वानांचा नव्हे. पावसाळ्यात आग्वादच्या दांड्यावर लाटा फुटतात. खनिजाच्या बार्जेस त्या दिवसांत कुंभारजुव्याच्या कालव्याने झुआरीकडे वळत आल्या आहेत. मच्छीमारांना तीही सोय नाही. मे महिन्यातील खोलीच्या मापावर विसंबून सप्टेंबरात होडी हाकणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. म्हणून मापे पावसापूर्वी व पावसानंतर अशी दोनदा घेतली जावीत, आणि नदीतून उपसलेली वाळूही खर्चाच्या बाजूस प्रामाणिकपणे लिहिली जावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती लपविली तर यंत्राचे उत्तर चुकणारच.

किनाऱ्यावरील शाळांना एक विनंती. ओहोटीला मुलांकडून दोन वळ्यांमधील अंतर पट्टीने मोजवून घ्यावे व तारीख-वेळेसह वहीत नोंदवावे. कोणत्या बाजूचा उतार उभा आहे तेही लिहावे. प्रवाहाने घडविलेल्या वळ्यांत वाळू त्या दिशेने गेलेली असते.