तास नसतोच ना, डॉक्टर



मुख्याध्यापिकाबाईंनी मला शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या या भाषणाचा विषय लेखी कळवला होता. करोनाकाळ, मोबाईलचं व्यसन आणि मुलांचं मानसिक आरोग्य. मी मनोविकारतज्ज्ञ, तेव्हा विषय हक्काचा. काल रात्री टिपणंही काढली. पण माझ्या या जुन्या शाळेच्या फाटकातून आत आलो आणि ऑफिसच्या व्हरांड्यात टांगलेला तो रेल्वेच्या रुळाचा तुकडा दिसला. टिपणं खिशातच राहिली.

तीच शाळेची घंटा. आमच्या वेळी ती शिपाईमामा वाजवायचे. हातात लोखंडी टोला, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. सातवीत असताना एकदा मामा चहाला गेलेले बघून मी शेवटच्या तासाला, दहा मिनिटं आधीच, शाळा सुटल्याचे टोले दिले. अर्धी शाळा मैदान ओलांडून गेली. दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनी दोन छड्या दिल्या, आणि मामांनी आठवडाभर माझ्याकडे बघितलं नाही. छड्या विसरलो. मामांचं ते न बघणं अजून लक्षात आहे.

घंटा म्हटल्यावर मागच्या रांगेत खसखस पिकते आहे. पिकू द्या. तुमच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'काही नाही' असा होतो ते मलाही ठाऊक आहे, दवाखान्यात रोज ऐकतो.

तर, विषयाकडे येतो. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. २१ दिवसांची म्हणून. शाळा मध्येच उघडल्या, परत मिटल्या, घडी नीट बसायला २०२२ उजाडलं. २०२० च्या दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. त्याच २०२० मध्ये, २ सप्टेंबरला सरकारनं पब्जी या मोबाईलवरच्या खेळावर बंदी घातली आणि पुढच्याच आठवड्यात एक आई नववीतल्या मुलाला माझ्याकडे घेऊन आली. बंदी आली, आता तरी सुटेल, म्हणून तिनं पाण्यात घातलेले देव बाहेर काढायची तयारी केली होती. पण खेळ ॲपच्या दुकानातून गेला तरी ज्यांच्या फोनवर आधीपासून होता त्यांचा तो ऑक्टोबरअखेरपर्यंत चालूच होता. याचाही होता.

फोन ऑनलाइन वर्गासाठी हप्त्यावर घेतलेला. घर एका खोलीचं. सकाळी वर्ग, कॅमेरा बंद करून. दुपारी खेळ. रात्री पांघरुणात खेळ. आईनं उशाशी ठेवलेल्या ताटातला भात सकाळपर्यंत कडक झालेला असायचा. मी विचारलं, "रोज किती तास खेळतोस रे?" तो म्हणाला, "तास नसतोच ना, डॉक्टर."

त्याला घड्याळातला तास म्हणायचा होता. मला शाळेतला ऐकू आला. ह्या पोराच्या दिवसात पहिला तास नव्हता, मधली सुट्टी नव्हती, काही संपलं म्हणून सांगणारे टोले नव्हते. जुने मित्र भेटत होते ते त्या खेळातच. फोन काढून घेतला तर तेही जाणार. आणि रीलचंही तेच, खाली सरकवत गेलं की तळ लागत नाही, तो लागू नये अशीच त्यांची रचना आहे.

व्यसन म्हणजे काय, ते थोडक्यात उरकतो, बाईंना शब्द दिलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, २०२२ पासून लागू. तिथे तास मोजत नाहीत. ताबा सुटलाय का, बाकी सगळं मागे पडलंय का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का, आणि हे साधारण वर्षभर टिकलंय का, एवढं बघतात. त्यामुळे सुट्टीत चार दिवस पोरगं गेम खेळलं की त्याला लगेच माझ्याकडे धाडू नका.

मग उपाय काय? सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला. तो वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला, साडेआठपर्यंत. माझ्याकडे एवढ्या पदव्या असूनही मला त्या भोंग्याचा हेवा वाटतो. त्या गावानं फोन फोडले नाहीत, त्यांना वेळापत्रक लावलं.

म्हणून माझं एकच मागणं, आणि ते मी जिथे जाईन तिथे करतो, घरचे कंटाळलेत. गजराचं घड्याळ विकत घ्या. साधं, किल्लीचं किंवा सेलचं. "गजरासाठी लागतो" म्हणून फोन उशाशी येतो आणि मग रात्रीचे दोन वाजतात. चार्जर स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी लावा. रात्री साडेनऊला सगळ्यांचे फोन तिथे झोपायला. सगळ्यांचे म्हणजे आईबाबांचेही.

पहिल्या रांगेतले पालक, तुम्हीच. मघाशी पहिलीचं नृत्य झालं तेव्हा मी बघत होतो. मुली आईला शोधत होत्या आणि त्यांना दिसत होती फोनची पाठ. तुम्ही हसताय, पण माझं भाषण सुरू झाल्यापासून तुम्ही तीनदा खाली बघितलंत. मीही व्यासपीठावर येण्याआधी दोनदा बघितलं होतं, तेव्हा फिट्टंफाट.

हो, एक राहिलंच. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर, मोफत आहे, मराठीतही बोलतात. झोप उडालीये, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, जगणं नकोसं वाटतंय, तर हा फिरवा. त्यासाठी फोन जरूर वापरा.

बाई घड्याळाकडे बघतायत. तिसरीच्या मावळ्यांच्या काजळाच्या मिशा घामानं ओघळायला लागल्यात, एकाची तर हनुवटीपर्यंत आली. थांबतो.