मागच्या आसाची कुरकुर



वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सारे विषय ज्या व्यासपीठावर होतात, तेथे एक संध्याकाळ मोटारीच्या मागच्या आसाला मिळाली म्हणून कोणी रागावणार नाही, अशी आशा आहे.

गाडीच्या पाठीमागून काही चमत्कारिक आवाज येऊ लागला की आपण गॅरेज गाठतो आणि मिस्त्रीला सांगून टाकतो, "डिफरन्शियल गेलेलं दिसतंय." सगळा घोटाळा येथे सुरू होतो. वैद्याला आपण पोट दुखते एवढेच सांगतो, फार तर जेवणाआधी की नंतर ते सांगतो. मिस्त्रीला मात्र थेट रोगाचे नाव! तोही गिऱ्हाइकाच्या शब्दाला मान देतो आणि आस उघडतो.

हे उघडणे महागात पडते. का, ते पाहू. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक फिरले तरी आसाला त्याचे सोयरसुतक नसते. मोटारीत इंजिनाला चाके फिरवायचीही असतात आणि वळणावर त्यांना कमीजास्त फिरू द्यायचेही असते. आपल्या ओळखीची अँबॅसडर घ्या. उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात ती २०१४ साली निघायची थांबली. पण तिचा मागचा आस समजला की जीपचा आणि बोलेरोचाही समजतो. इंजिनाकडून एक लांब शाफ्ट मागे येतो. त्याच्या टोकाचे लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, मोठ्या क्राऊनला फिरवते. क्राऊनबरोबर आणखी काही छोटी दातेरी चाके असतात, ती आपापसांत फिरतात ती मुख्यतः वळणावर. क्राऊन आणि पिनियन ही जोडीनेच जुळवलेली असतात, आणि त्यांच्या दातांमधली फट पातळ चकत्या घालून इंचाच्या हजाराव्या भागांत राखलेली असते. ही बैठक एकदा मोडली की पुन्हा तशीच जमवायला कसबी हात लागतो. विनाकारण उघडलेला आस पुढे आधीपेक्षा मोठ्याने ओरडू लागला, तर नवल नाही.

तेव्हा उघडण्यापूर्वी ऐकावे. ऐकताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

आधी रस्ता बदला. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत सिमेंटवर गेल्याबरोबर आवाज पालटला, तर तो टायरांचा. आतल्या दातांना रस्ता कसला आहे हे कळत नाही.

मग पायाची पाळी. सपाट रस्त्यावर गाडी एका वेगात ठेवा, ॲक्सिलरेटर थोडा दाबा, मग सोडा. दाबल्यावर "घूं" असा सूर चढत असेल आणि सोडताच पडत असेल, किंवा नेमके याच्या उलट होत असेल, तर संशय क्राऊन-पिनियनवर. कारण ओढताना दातांची एक बाजू काम करते, सोडल्यावर दुसरी. पायाला दाद न देणारी, केवळ वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल, तर ती बहुधा चाकाच्या बेरिंगची. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे वळवा; भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा घरघर वाढली तर उजवे बेरिंग तपासा. आणि फक्त वळणावरच कुरकुर येत असेल, तर ती छोटी चाके आठवा.

ठोके असतील तर ते मोजा. मला स्वतःला ही परीक्षा सर्वांत आवडते, कारण तिला घड्याळाखेरीज काही लागत नाही. सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी ७ किलोमीटर वेगाने सेकंदाला साधारण एकदा फिरते. ठोका सेकंदाला एक पडला, तर दोष चाकात, ब्रेकच्या ड्रममध्ये किंवा क्राऊनच्या एखाद्या दाताशी. चार-पाच पडले, तर दोष शाफ्टच्या किंवा पिनियनच्या बाजूला. कारण शाफ्ट चाकापेक्षा साधारण चार-पाच पट वेगाने फिरतो. गाडी उचलताना एकच "खट्ट" आणि मग शांतता, असे असेल तर शाफ्टच्या जोडाचा क्रॉस झिजला आहे का, किंवा पाट्यांचे यू-बोल्ट ढिले आहेत का, ते पाहून घ्यावे. हे काम आस न उघडता होते.

मारुती ८०० आली १९८३ साली. तिच्यासारख्या गाड्यांत इंजिन पुढची चाके ओढते आणि मागचा आस नुसता घरंगळतो. अशा गाडीच्या मागे डिफरन्शियलच नसते. तेथे कोणी ते बदलायला सांगितले तर नम्रपणे नमस्कार करून निघावे.

दोन सूचना. एक चाक जॅकवर उचलून इंजिन चालू करण्याचा प्रयोग कोणी करू नये. जमिनीवरच्या चाकाला ओढ मिळते, गाडी जॅकवरून उडी घेते, आणि खाली माणूस असतो. दुसरी जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. आसाच्या तेलात लाकडाचा भुसा घालून आवाज दाबण्याची युक्ती जुन्या गाड्यांच्या बाजारात जगभर प्रसिद्ध आहे. तेल पांढऱ्या फडक्यावर काढून पाहावे. बारीक चकचकीत पूड झिजेने येते. पोलादाचा तुकडा किंवा भुसा सापडला तर सौदा मोडावा.

आता निकड कोणाची, ते सांगतो. क्राऊन-पिनियनचा एकसुरी घूं वर्षानुवर्षे न वाढता राहू शकतो. तेलाची पातळी सांभाळावी आणि चालू द्यावे. बेरिंगची घरघर मात्र दिवसेंदिवस वाढत असेल, चाक हाताने हलवल्यावर खुळखुळत असेल, त्याच्या मध्याजवळून तेल गळत असेल किंवा प्रवासानंतर तेथे हात ठेववत नसेल, तर गाडी घाटात नेऊ नये. काही आसांत चाकाचा सारा भार आतल्या दांड्यावर असतो; तो दांडा तुटला तर चाक गाडीला सोडून पुढे जाते. अशी गाडी स्वतः चालवत गॅरेजात नेऊ नका, मिस्त्रीलाच गाडीपाशी बोलवा.