जळालेल्या रानांतील दोन सरोवरें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कोलोरॅडो या संस्थानांत १९१५ सालीं स्थापन झालेलें रॉकी पर्वताचें राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यास ‘वाइल्ड बेसिन’ नांवाचें एक खोरें आहे. अलीकडच्या एका ऑगस्ट महिन्यांत, पहाटें पांच वाजतां, सत्तरीस टेकलेलें एक दांपत्य या खोऱ्याच्या तोंडाशीं मोटार उभी करून पायीं निघालें.

१९७७ च्या उन्हाळ्यांत, विवाहानंतर दोनच महिन्यांनीं, हीं दोघें याच वाटेनें गेलीं होतीं. पुढच्याच वर्षीं तें रान जळालें. जळालेलें रान पाहावयास जाण्यास पत्नीचें मन पुढें कधींच धजलें नाहीं. परंतु गेल्या हिवाळ्यांत पतीच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. आणि मग, जावयाचें तर आतांच, असें तिनेंच ठरविलें.

वाटेचा आरंभ साडेआठ हजार फूट उंचीवर होतो. पहिले पावणेतीन मैल नदीच्या व ओढ्यांच्या सोबतीनें, दाट सावलींतून जावयाचें. तेथें ऊझेल धबधबा लागतो. ऊझेल हा एक लहानसा, राखी रंगाचा पक्षी. धोधो वाहणाऱ्या ओढ्यांत बुडी मारून तो तळाच्या दगडांवरून चालतो व किडे वेंचतो. पतीनें त्याला पुष्कळ शोधलें, दिसला नाहीं.

धबधबा मागें पडला, वाट वर चढली आणि सावली एकाएकीं संपली. ऑगस्ट १९७८ मध्यें वीज पडून येथें आग लागली होती. विजेनें लागलेली आग, मनुष्यवस्तीस धोका नसेल तर, जळूं द्यावी असें त्या वेळीं उद्यानाचें धोरण होतें. आणि तें हलगर्जीपणाचें होतें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं, कारण प्रत्येक ठिणगी विझवीत गेल्यानें रानांत सरपण सांचत जातें हा अनुभव होता. परंतु सप्टेंबरांत वारा सुटला, आग खालच्या ॲलन्सपार्क गांवाच्या रोखानें धांवूं लागली, तेव्हां माणसांनीं ती अडविली. सुमारें १,०५० एकर रान गेलें. २०२० सालच्या कोलोरॅडोंतील दोन वणव्यांनीं मिळून सुमारें चार लक्ष एकर खाल्ले. त्या मानानें ही आग लहानच.

चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तीं खोडें उभीं आहेत. साल गळून उन्हानें रुपेरी झालेलीं. पायथ्याशीं फायरवीडचीं जांभळीं फुलें. लॉजपोल पाइनचीं कांहीं फळें राळेनें मिटलेलीं असतात. आगीच्या धगीनें राळ वितळली म्हणजे तीं उघडतात व बीं राखेंत पडतें. ॲस्पेन मुळांतून पुन्हां फुटतो. स्प्रूस आणि फर यांस असली सोय नाहीं. त्यांचें बीं वाचलेल्या रानाच्या कडेवरून वारा आणील तेव्हां. म्हणून वरच्या अंगास रान अद्याप विरळ. पत्नी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “तेव्हां येथून डोंगर दिसत नव्हते.” आतां उत्तरेस लाँग्ज पीक, १४,२५९ फूट, पायथ्यापासून मोकळा दिसत होता.

ऊझेल सरोवराचा फांटा आला. तें परततांना पाहूं असें ठरवून दोघें सरळ वर ब्लूबर्ड सरोवराकडे चढलीं. शेवटचा चढ खडकाळ आहे. दर पन्नास पावलांवर पति थांबे, पत्नी घड्याळ पाही आणि त्याच्या चेहऱ्याकडे न पाहिल्यासारखें करी.

सरोवर जवळजवळ अकरा हजार फुटांवर आहे. १९७७ सालीं त्याच्या तोंडावर बंधारा होता. तें पाणी खालीं लाँगमाँटकडील शेतांस जाई, आणि पत्नी तिकडचीच शेतकऱ्याची मुलगी. बंधारा पाहून त्या वेळीं तिला अभिमान वाटला होता. १९८२ सालीं याच उद्यानांतील लॉन लेकचा जुना बंधारा फुटून तीन माणसें बळी पडलीं. त्यानंतर असले बंधारे काढून टाकण्यांत आले. भिंतीचे तुकडे हेलिकॉप्टरनें खालीं नेले. आतां कांठच्या खडकांवर पूर्वींच्या पाण्याचा फिकट पट्टा तेवढा होता. तिनें त्यावरून हात फिरविला. “बाबांना हें आवडलें नसतें,” ती म्हणाली आणि हंसली.

भाकरतुकडा खाऊन होतो न होतो तोंच पश्चिमेच्या कड्यावर ढग चढला. या डोंगरांत उन्हाळ्यांतील दुपार विजेची असते. जळालेल्या रानांत तर दुहेरी धोका : वर वीज आणि वाऱ्यानें कोसळणारीं खोडें. उतरतांना गडगडाट सुरू झाला. दूर कोठें एक झाड पडल्याचा आवाज आला.

खालचें सरोवर पाहण्याची ओढ पत्नीला अधिक होती; विवाहानंतरची पहिली शिदोरी दोघांनीं तेथेंच सोडली होती. पतीला हें ठाऊक होतें. “पाऊण तास लागेल, जाऊं,” तो म्हणाला. तिनें त्याच्या श्वासाकडे कान दिला आणि मान हालविली.

वाटेच्या एका वळणावर मात्र ती थांबली. खालीं, रुपेरी खोडांच्या पलीकडे, संबंध ऊझेल सरोवर दिसत होतें. पाण्यावर पावसाची पहिली रेघ उमटत होती. १९७७ सालीं या वळणावर झाडांवांचून कांहींच दिसलें नव्हतें.

धबधब्यापाशीं पोहोंचेपर्यंत दोघें चिंब भिजलीं होतीं. पाऊस ओसरला. पतीनें बसून बूट सोडले व त्यांतील पाणी ओतलें. समोरच्या दगडावर एक राखी पक्षी उठबशा काढल्यासारखा खालींवर होत होता. त्यानें बुडी मारली. पत्नीनें पतीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो पुन्हां वर येईपर्यंत दोघेंहि तशींच थांबलीं.