मत एक, मोजण्याच्या रीती अनेक

लोकसभेला आपण एक बटण दाबतो आणि सर्वाधिक मतं मिळवणारा निवडून येतो. पद्धत सोपी, निकाल झटपट, मतदारसंघाला हक्काचा खासदार. पण मतं आणि जागा यांचा मेळ बसतोच असं नाही. २०१४ साली भाजपला सुमारे ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या. बसपाला मात्र ४ टक्क्यांहून अधिक मतं मिळूनही एकही नाही.

इस्रायलमध्ये मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. छोट्या पक्षांनाही वाव असतो, पण १२० जणांच्या संसदेत बहुमत जुळवताना नाकी नऊ येतात. २०१९ ते २०२२ या काळात तिथे पाच निवडणुका झाल्या.

तिसरी पद्धत आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात दिसते. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननं नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मतं कुणालाच नसतील, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. त्यामुळे विजेत्याचा पाठिंबा सहसा व्यापक असतो. मात्र मोजणी लांबते, आणि आकड्याऐवजी बरोबरची खूण केलीत, तर तुमचं मतच बाद!