चाकांवरचे बिऱ्हाड आणि बोटांची तालीम

अमेरिकेतील शाळांच्या बसगाड्यांचा सुपरिचित पिवळा रंग १९३९ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या एका परिषदेत ठरला. फ्रँक सायर या शिक्षणतज्ज्ञांनी ती बोलावली होती. मुलांची ने-आण करून निवृत्त झालेल्या अशा गाड्या पुष्कळ हौशी लोक विकत घेतात, बाके उखडतात आणि आत चूल, बिछाना, फडताळ मांडून संसार थाटतात. या बिऱ्हाडकरूंत प्रस्तरारोहकही असतात. कडे शहरांपासून दूर, आणि आज या कड्यापाशी तर उद्या त्या कड्यापाशी मुक्काम करायचा, तेव्हा घरालाच चाके असलेली बरी.

परंतु पावसाने चार दिवस कोंडून ठेवले, की बोटांची सवय मोडू लागते. त्यासाठी आरोहक लाकडाची एक फळी बाळगतो. तिला निरनिराळ्या खोलीच्या खाचा असतात. नेहमीच्या सरावाची खाच सुमारे २० मिलिमीटर, म्हणजे बोटाचे जेमतेम पहिले पेर टेकेल एवढी. तिला सात-दहा सेकंद लोंबकळायचे, विसावा घ्यायचा आणि पुन्हा लोंबकळायचे. ॲलेक्स होनोल्ड हा ३ जून २०१७ रोजी योसेमिटीतील एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटरचा कडा दोराविना ३ तास ५६ मिनिटांत चढून गेला. त्याचेही बिऱ्हाड तेव्हा एका व्हॅनमध्ये होते, आणि अशी फळी तीत होती.

आपल्याकडे पुरलेला मल्लखांब आपला भार थेट भूमीला देतो. बसमध्ये ती सोय नाही. भिंत दिसते भक्कम, पण बाहेरचा पत्रा पातळ आणि आतले प्लायवूड केवळ शोभेचे. त्यात स्क्रू पिळले तर ते चार दिवस धरतील आणि पाचव्या दिवशी माणसासकट खाली येतील. शिवाय ७० किलोचा माणूस एकाएकी लोंबकळला, तर क्षणभर फळीवर सुमारे दुप्पट भार पडतो. त्यातून फळी भिंतीपासून पुढे आलेली, म्हणजे वरच्या स्क्रूंना नुसते ओझे पेलायचे नसते, उपटले जाण्याशी झगडायचे असते.

यास्तव शोध घ्यायचा तो बसच्या बरगड्यांचा. छताला कमानीसारख्या वळवलेल्या पोलादी पट्ट्या ठरावीक अंतरांवर असतात. बाहेरच्या रिबिटांच्या ओळी त्यांचा पत्ता सांगतात. दोन बरगड्यांवर आडवी जाड लाकडी तुळई बोल्टांनी आवळावी आणि फळी त्या तुळईला जोडावी. गाडीच्या हादऱ्यांनी साधे नट सैल होतात, म्हणून नायलॉनचे कडे असलेले नट वापरावेत. छताला आरपार भोक मात्र पाडू नये. तेथून पाणी झिरपते आणि गंज ज्या बरगडीवर विसंबायचे तिलाच खातो.

जागा कोणती? पुष्कळ बसगाड्यांत छत सहा-साडेसहा फुटांवर असते, त्यामुळे गुडघे मुडपूनच लोंबावे लागते. प्रवेशद्वाराच्या पायऱ्या खाली उतरतात, तेथे पायांना थोडी अधिक मोकळीक मिळते. मागचा संकटकालीन दरवाजा सोयीचा दिसला तरी तो अडवू नये. आग लागली तर तीच वाट.

आता बोटांविषयी. बोटांत स्नायू जवळजवळ नाहीतच. ओढणारे स्नायू कोपराखाली असतात आणि लांब कंडरांनी पेरे वाकवतात. गळाच्या काठीवरील कड्यांतून दोरी जावी, तशा या कंडरा हाडाला बिलगलेल्या पट्ट्यांखालून जातात. स्नायू काही आठवड्यांत बळावतो. पट्ट्या व कंडरा यांस त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. उतावळ्याच्या अनामिकेत एखादे दिवशी टच्‌कन आवाज येतो, आणि मग महिनोन्‌महिने कडा दुरूनच पाहावा लागतो.

मुलांची गोष्ट याहून नाजूक. त्यांच्या पेरांत वाढीचा कोवळा थर असतो. किशोरवयात बोटांवर सतत असा ताण दिल्याने तो भंगल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. पुष्कळ बसबिऱ्हाडांत मुलेही वाढत असतात. फळी उंचावर आहे म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. आरोहकांची मुले ती, खिडकीच्या चौकटीवरून तेथे पोहोचतातच. तेव्हा तुळई पक्की आणि फळी सुटी ठेवावी. सराव संपला की दोन बोल्ट काढायचे आणि फळी बिछान्याखाली सरकवायची. गाडी वळणावर कलली असता ती कोणाच्या कपाळावर येण्याचेही भय उरत नाही.