झाडू कुणाकडून घ्यायचे?

2017 ते 2023 सलग सात वर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या आपल्या इंदूरला झाडू किती लागत असतील! ते अंध कारागिरांच्या संस्थेकडून घ्यायचे ठरवले तर? अमेरिकेने 1938 साली असाच कायदा केला. केंद्र सरकारच्या कार्यालयांनी झाडू, फरशीपुसणी अशा वस्तू अंधांना काम देणाऱ्या ना-नफा संस्थांकडून घ्यायच्या. 1971मध्ये इतर गंभीर अपंगत्व असलेल्यांनाही त्यात घेतले. अट मात्र कडक: प्रत्यक्ष कामाच्या तासांपैकी किमान 75 टक्के तास या कामगारांचेच हवेत. नुसती संस्थेची पाटी लावून भागत नाही.

आपल्याकडे 2016च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के जागा राखल्या. खरेदीचे काय? केंद्राच्या धोरणात 25 टक्के वाटा सूक्ष्म आणि लघुउद्योगांचा आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना 4 आणि महिलांना 3 टक्के. दिव्यांगांसाठी वेगळा आकडा नाही, आणि ही उणीव मोठीच म्हणायची. सरकारच्या 'जेम' पोर्टलवर दिव्यांगांच्या उत्पादनांचे दालन मात्र आहे. श्रोतेहो, कार्यालयातली खरेदी तुमच्याकडे असेल, तर पुढची मागणी नोंदवण्याआधी ते जरूर पाहा.