घराचे मूल्यांकन आणि घरच्यांची सिद्धता

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



 व्यवसायाने मी स्थापत्य अभियंता. आयुष्य दुसऱ्यांची घरे मोजण्यात गेले. तेव्हा विषयही तसाच रुक्ष निवडला आहे. परंतु घराकरिता कर्ज, मुलांच्या शिक्षणासाठी तारण, वाटणी किंवा विक्री यांपैकी एखादा प्रसंग ज्यावर कधीच येणार नाही, असे कुटुंब या सभागृहात क्वचितच असेल. आणि अशा प्रसंगी मूल्यांकनकार, ज्यास आपण व्यवहारात व्हॅल्युअर म्हणतो, तो आपल्या दाराशी येतो.

मूल्यांकनास विलंब झाला की आपण त्या गृहस्थास अथवा बँकेस दोष देतो. वास्तविक तीन खोल्यांचे घर पाहण्यास व मोजण्यास तासाभराहून अधिक वेळ सहसा लागत नाही. पुढचे आठवडे बहुधा आपल्याच कपाटातील कागद शोधण्यात व जुळविण्यात जातात. हे मी अधिकाराने सांगतो असे समजू नका, अपराधाने सांगतो.

साताऱ्यास आमचे वडिलोपार्जित घर आहे. काही वर्षांपूर्वी पुतण्यास परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली, आणि उरलेल्या खर्चाच्या कर्जास हे घर तारण द्यावे असे ठरले. बँकेने पाठविलेल्या तरुणाने चाळीस मिनिटांत घर मोजले आणि मग नम्रपणे मिळकत पत्रिका मागितली. पत्रिकेवर नाव निघाले आमच्या आजोबांचे! आजोबा १९६८ साली निवर्तले. त्यानंतर वडीलही गेले. पण फेरफार नोंदविण्याचे कोणास सुचले नाही. तीस वर्षे लोकांना ‘प्रथम नोंद पाहा’ असे बजावणारा मी, स्वतःची नोंद मात्र पाहिली नव्हती.

पुढे मृत्यूचे दाखले, वारसांचा अर्ज, नोटिशीची मुदत असे एकेक निघत गेले. नागपूरला दिलेल्या धाकट्या बहिणीचे नाव वारसांत घालावयास हवे, हेही तेव्हाच आमच्या ध्यानी आले. वडिलांच्या हिश्श्यात मुलगी वारस असते, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून ठरलेले आहे. वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाप्रमाणे जन्मतः भागीदार होते, हे २००५ च्या दुरुस्तीने देशभर झाले. आम्हां भावांस दोन्ही ठाऊक होते. भगिनी आली, सर्व कागद वाचले आणि म्हणाली, “दादा, मला इतकी वर्षे कोणी विचारलेच नाही रे.” तिने हक्क सोडला नाही, सोडावा असे म्हणण्याचे धैर्यही आम्हांस झाले नाही. तिचे नाव लागले आणि तारणाच्या कागदावर तिने आनंदाने सही केली. परंतु तोवर पाच महिने उलटले होते. पुतण्या पुढील वर्षी गेला. शिष्यवृत्ती मात्र पुन्हा मिळाली नाही.

म्हणून मूल्यांकनकारास बोलावण्यापूर्वी आपण कागद बोलवावेत. स्वतंत्र घर असेल तर मिळकत पत्रिका किंवा सातबारा, खरेदीखत, सूची क्रमांक २, मंजूर नकाशा व चालू वर्षाची घरपट्टीची पावती. सहकारी संस्थेतील सदनिका असेल तर करारनामा, भाग दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र. या साऱ्यांवर नाव एकसारखे आहे काय, घराचा क्रमांक जुळतो काय, हे घरी बसून ताडावे. जुन्या खतांत माप खणांत वा हातांत असते आणि चतुःसीमेत ‘पूर्वेस अमक्याचे घर’ असे लिहिलेले असते. तो अमुक गेला, त्याच्या जागी चौमजली इमारत उभी राहिली. अशा वेळी जुन्या-नव्या चतुःसीमा एका कागदावर समोरासमोर लिहून ठेवल्यास पाहणाऱ्याचा एक हेलपाटा वाचतो.

सदनिकेच्या क्षेत्राविषयी आपल्याकडे फार घोळ असतो. विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यात जिना व भिंती धरलेल्या असतात. चटईक्षेत्र त्याहून कमी भरते. कमी भरले म्हणून मोजणाऱ्याशी वाद घालू नये.

पाहणीच्या दिवशी माहितगार व्यक्ती घरी असावी आणि सर्व किल्ल्या तिच्यापाशी असाव्यात. एक कुलूपबंद खोली म्हणजे दुसरी फेरी. माळ्यावर चढण्यास शिडी हवी. ओल आलेल्या भिंतीपुढे कपाट सरकवून ठेवण्याची युक्ती आपल्या घरांत फार. ती प्रत्येक मूल्यांकनकारास पाठ असते. त्यापेक्षा छत कोणत्या वर्षी दुरुस्त केले, त्याची पावती दाखवावी. भाडेकरू असल्यास तसे सांगावे, गच्चीवरील खोली नकाशात नसल्यास तेही सांगावे. मागाहून कळले की अहवाल तर अडतोच, शिवाय बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. पोहे अवश्य करावेत. मात्र त्यांनी मूल्य वाढत नाही.

मूल्यांकन कशासाठी हवे, तेही प्रारंभीच सांगावे. बँक विचारते ते आजचे मूल्य. परंतु १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेले घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबाकरिता त्या दिवशीचे मूल्य धरता येते, आणि तो अहवाल निराळा असतो. सरकारी दरतक्त्यातील किंमत म्हणजेच बाजारभाव, असेही मानू नये. शेजारचे घर कितीस गेले याची ओसरीवरील वार्ता उपयोगाची नाही. त्या व्यवहाराची नोंदलेली सूची क्रमांक २ मिळाल्यास ती जरूर दाखवावी.

उद्या सकाळी नऊ ते बारा मी मंडळाच्या कार्यालयात बसणार आहे. ज्यांस कागद दाखवावयाचे असतील त्यांनी प्रती आणाव्यात, मूळ खते घरीच ठेवावीत. आणि ज्यांच्या भगिनी या संमेलनास आल्या आहेत, त्यांनी त्यांनाही बरोबर घेऊन यावे.